परीक्षण, पुनर्कथन आणि समीक्षा : एडमंड विल्सनच्या वाङ्मयीन पत्रकारितेचा विचार

१

'परीक्षण' आणि 'समीक्षा' हे दोन शब्द मराठीत आपण सारख्या प्रतिष्ठेने वापरत नाही. परीक्षण वृत्तपत्राच्या रविवारच्या पुरवणीत किंवा मासिकाच्या अखेरच्या पानांत छापले जाते. समीक्षा ग्रंथाच्या किंवा शोधनिबंधाच्या रूपाने अवतरते. परीक्षण नव्या पुस्तकाची वार्ता देते, समीक्षा साहित्यकृतीचे स्वरूप उलगडते, अशी विभागणी आपण गृहीत धरलेली असते. परीक्षण करता करता समीक्षक होता येते, हे आपण मान्य करतो. परंतु परीक्षण हीच समीक्षेची एक स्वतंत्र पद्धती असू शकते, असे म्हणण्यास आपण सहसा धजावत नाही. विद्यापीठीय व्यवस्थेत तर या श्रेणीभेदाला अधिकृत मान्यताच आहे. नेमणुकीच्या किंवा बढतीच्या अर्जात शोधनिबंधांना जे स्थान असते ते परीक्षणांना नसते.

हा श्रेणीभेद कितपत समर्थनीय आहे, हे तपासण्यासाठी एडमंड विल्सन (१८९५-१९७२) या अमेरिकन समीक्षकाचे लेखन उपयुक्त ठरते. विल्सनने जवळजवळ अर्धशतक नियतकालिकांसाठी लिहिले. 'व्हॅनिटी फेअर', 'द न्यू रिपब्लिक' आणि 'द न्यू यॉर्कर' ही त्याच्या कारकिर्दीतील तीन मुख्य ठाणी होत. अध्यापनाचे काही अल्पकालीन प्रसंग सोडले तर तो विद्यापीठाबाहेरच राहिला, त्याने डॉक्टरेट मिळवली नाही आणि स्वतःला तो पत्रकार म्हणवून घेत असे. आपल्याकडील समीक्षाविचारात एलियट, रिचर्ड्स आणि नवसमीक्षक यांची नावे वारंवार येतात. विल्सनचे नाव क्वचितच येते. याचे एक कारण उघड आहे. विल्सनने सिद्धान्त मांडला नाही, परिभाषा घडवली नाही, पंथ स्थापन केला नाही. त्याच्याकडून उचलून वापरता येईल अशी संज्ञा नाही. मग त्याच्याकडे आहे तरी काय, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

२

विल्सनचा जन्म न्यू जर्सी राज्यातील रेड बँक येथे झाला. वडील कायदेपंडित होते आणि काही काळ राज्याचे महाधिवक्ता होते. प्रिन्स्टन विद्यापीठात ख्रिश्चन गॉस या अध्यापकाकडे त्याने फ्रेंच आणि इटालियन साहित्याचे संस्कार घेतले, एफ. स्कॉट फिट्झजेराल्ड हा तेथील त्याचा मित्र. १९१६ साली पदवी घेतल्यावर तो न्यू यॉर्कच्या 'इव्हनिंग सन' या दैनिकात वार्ताहर झाला. पहिल्या महायुद्धात त्याने फ्रान्समध्ये लष्करी रुग्णालयाच्या तुकडीत काम केले आणि परतल्यावर 'व्हॅनिटी फेअर'च्या संपादकवर्गात प्रवेश केला. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात तो 'द न्यू रिपब्लिक'च्या वाङ्मयविभागाचे काम पाहू लागला.

त्याच्या पहिल्या काही वर्षांतील परीक्षणांची नुसती यादी केली तरी तिचे महत्त्व कळते. १९२२ साली 'युलिसिस' पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी विल्सनने 'द न्यू रिपब्लिक'मध्ये तिचे परीक्षण केले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये एलियटची 'द वेस्ट लँड' ही कविता अमेरिकेत 'द डायल'मध्ये छापली गेली; डिसेंबरच्या अंकात विल्सनचा तिच्यावरील लेख आला. १९२४ साली हेमिंग्वेच्या पहिल्या दोन लहानशा पुस्तकांची दखल त्याने घेतली, तेव्हा हा लेखक अमेरिकेत जवळपास अज्ञात होता. आज ज्या कृतींभोवती ग्रंथालये उभी आहेत, त्या कृतींवर विल्सन लिहीत होता तेव्हा आधाराला घेता येईल असे काहीच लिहिलेले नव्हते. पूर्वसूरींच्या मतांचा आढावा घेऊन आपले मत मांडण्याची विद्यापीठीय रीत येथे अशक्यच होती. समोर पुस्तक, अंकाची मुदत आणि ते पुस्तक न पाहिलेला वाचक एवढीच काय ती सामग्री.

या सामग्रीतून मोठी रचना कशी उभी राहते, याविषयी विल्सनने स्वतःच लिहून ठेवले आहे. १९४४ साली प्रिन्स्टन विद्यापीठाच्या ग्रंथालयीन पत्रिकेने त्याच्या लेखनाची सूची प्रसिद्ध केली. त्या निमित्ताने लिहिलेल्या टिपणात तो आपल्या कामाची रीत सांगतो. आपल्याला ज्या विषयात रस आहे त्या विषयावरची पुस्तके परीक्षणासाठी संपादकाकडून मिळवायची, ही पहिली पायरी. अशा विखुरलेल्या लेखांचा आधार घेऊन त्या विषयावर अधिक व्यापक निबंध लिहायचे, ही दुसरी. अखेरीस या निबंधांचे पुनर्लेखन करून त्यांना ग्रंथाची एकात्मता द्यायची, ही तिसरी. ही केवळ पोटापाण्याची युक्ती नव्हती. नियतकालिकाच्या मानधनावर जगत असतानाच आपल्या अभ्यासाची दिशा आपल्या हाती ठेवण्याचा तो एक शिस्तबद्ध मार्ग होता. संशोधनवृत्ती नसलेल्या लेखकाला ही शिस्त निभावता आली नसती.

१९३५ साली लिहिलेल्या एका निबंधात त्याने संपादक, लेखक आणि परीक्षक यांच्या परस्परसंबंधांचे वर्गीकरण केले आहे. परीक्षकांचे निरनिराळे प्रकार सांगून झाल्यावर तो ज्याला खरा परीक्षक-समीक्षक मानतो, त्याच्याकडून त्याची अपेक्षा अशी की, ज्या लेखकाविषयी लिहायचे त्याचे पूर्वीचे सर्व लेखन त्याला माहीत असावे. नव्या पुस्तकाकडे लेखकाच्या एकूण विकासाच्या संदर्भात त्याला पाहता यावे. आणि त्या लेखकाचे स्वभाषेतील व अन्य भाषांतील साहित्याशी असलेले नाते त्याने ओळखावे. परीक्षणाच्या एका पानामागे एवढे वाचन असावे, ही अपेक्षा कोणत्याही शोधप्रबंधाच्या अपेक्षेहून कमी नाही. फरक इतकाच की परीक्षणात या वाचनाचे प्रदर्शन करण्यास जागा नसते.

३

विल्सनवर घेतला गेलेला सर्वांत गंभीर आक्षेप स्टॅन्ली एडगर हायमन याचा. 'द आर्म्ड व्हिजन' (१९४८) या आधुनिक समीक्षापद्धतींचा परामर्श घेणाऱ्या ग्रंथात हायमनने विल्सनवर एक प्रकरण लिहिले आणि त्याच्या पद्धतीला 'भाषांतर' असे नाव दिले. साहित्यकृतीतील आशय सोप्या गद्यात उतरवून तो सामान्य वाचकापर्यंत पोचवणे, कथानकांचे सारांश देणे, यापलीकडे विल्सनच्या समीक्षेत फारसे काही नाही, असा या आक्षेपाचा रोख होता. हायमन अध्यापक होता तसाच तोही 'द न्यू यॉर्कर'च्या लेखकवर्गातला होता, ही गोष्ट येथे नोंदवण्याजोगी आहे. म्हणजे हा आक्षेप विद्यापीठाने पत्रकारितेवर घेतलेला नसून पद्धतीच्या नव्या अभिमानाने जुन्या वाङ्मयीन पत्रकारितेवर घेतलेला आहे.

हायमनचे निरीक्षण बरोबर आहे, परंतु त्यावरून काढलेला निष्कर्ष तपासून घेतला पाहिजे. विल्सनचे प्रमुख साधन पुनर्कथन हेच आहे. प्रश्न असा की पुनर्कथन ही समीक्षेच्या आधीची, तिच्याहून खालची क्रिया आहे की ती स्वतःच एक समीक्षात्मक क्रिया आहे?

'अ‍ॅक्सेल्स कॅसल' (१९३१) या त्याच्या पहिल्या महत्त्वाच्या ग्रंथाचे उदाहरण घेऊ. येट्स, व्हॅलेरी, एलियट, प्रूस्त, जॉइस आणि गर्ट्रूड स्टाइन या लेखकांचे मूळ फ्रेंच प्रतीकवादात शोधणारा हा ग्रंथ आहे. तो प्रसिद्ध झाला तेव्हा 'युलिसिस'वर अमेरिकेत बंदी होती; ती न्यायालयाच्या निर्णयाने उठली ती १९३३ च्या डिसेंबरात. प्रूस्तवरील लेख विल्सन लिहीत होता तेव्हा त्याच्या महाकादंबरीचा अखेरचा खंड इंग्रजीत आलेला नव्हता. म्हणजेच ज्या वाचकासाठी हा ग्रंथ होता त्याला या दोन्ही कृती संपूर्णतः उपलब्धच नव्हत्या. अशा स्थितीत कृतीत काय आहे हे सांगणे ही वाचकाची गरज होती. परंतु ते सांगताना विल्सन घटनांची जंत्री देत नाही. प्रूस्तची कादंबरी सांगताना कोणते पात्र केव्हा निराळ्या प्रकाशात येते, पहिल्या खंडातील सूर अखेरच्या खंडात कसा परततो, हे तो क्रमाने सांगत जातो आणि त्या क्रमातूनच कादंबरीची रचना वाचकाच्या लक्षात येते. काय सांगायचे आणि काय गाळायचे, या प्रत्येक निवडीमागे मूल्यमापन आहे. निवड चुकली तर सांगणेच कोसळते.

याच्याही पुढची गोष्ट अशी की, या ग्रंथाचा शेवट ज्या लेखकांवर तो प्रेम करतो त्यांच्याविषयीच्या शंकेत होतो. व्हिलिए द लिल्-आदाम याच्या नाटकातील नायक अ‍ॅक्सेल प्रत्यक्ष जीवनाचा अव्हेर करून स्वप्नाच्या किल्ल्यात मरण पत्करतो. रँबो कविता सोडून प्रत्यक्ष जगात निघून जातो. प्रतीकवादाच्या वारसदारांसमोर हे दोनच मार्ग उरतात काय, असे विल्सन विचारतो. हा प्रश्न १९३१ सालच्या अमेरिकेतून आलेला आहे, आणि तो कुठून आला हे त्याच्या पुढच्या पुस्तकावरून कळते.

४

१९२९ च्या आर्थिक कोसळणीनंतर विल्सन वाङ्मयविभागातून उठून देशभर वार्ताहर म्हणून फिरला. डेट्रॉइटचे मोटारकारखाने, वेस्ट व्हर्जिनियातील कोळशाच्या खाणी, कॅलिफोर्नियाचा किनारा येथून त्याने वृत्तान्त पाठवले आणि ते 'द अमेरिकन जिटर्स' (१९३२) या नावाने संकलित झाले. त्यातील सॅन डिएगोवरील लेखात किनाऱ्यावरच्या आलिशान हॉटेलचे वर्णन आणि त्या शहरात झालेल्या आत्महत्यांची नोंद ही दोन्ही शेजारी शेजारी येतात. भाष्य जवळजवळ नाही. दोन वस्तुस्थितींच्या क्रमातूनच लेखाचे विधान उभे राहते. प्रूस्त सांगताना वापरलेली पद्धती आणि ही पद्धती एकच आहे, असे म्हणता येईल. विल्सनच्या बाबतीत वार्ताहर आणि समीक्षक हे दोन व्यवसाय नाहीत.

'टू द फिनलंड स्टेशन' (१९४०) हा या पद्धतीचा सर्वांत महत्त्वाकांक्षी आविष्कार. मिशलेला १८२४ साली व्हिकोचा शोध लागतो येथपासून १९१७ साली लेनिन पेट्रोग्राडच्या फिनलंड स्थानकावर उतरतो येथपर्यंतची ही समाजवादी इतिहासविचाराची कहाणी आहे. त्यातील मार्क्सवरील प्रकरणे साहित्याच्या अभ्यासकाने मुद्दाम वाचावीत. 'भांडवल' हा ग्रंथ विल्सन अर्थशास्त्र म्हणून वाचण्याआधी एक लिहिलेली कृती म्हणून वाचतो. त्यातील उपरोध, कारखाना-निरीक्षकांच्या अहवालांची गुंफण, वस्तूला जीव येऊन माणूस निर्जीव होत जाण्याची प्रतिमा यांकडे तो लक्ष वेधतो. मार्क्सला त्याने क्रयवस्तूंचा कवी म्हटले आहे. 

परंतु येथेच पुनर्कथनाचा पहिला धोकाही दिसतो. लेनिनचे जे चित्र या ग्रंथात येते ते अतिशय सौम्य आहे. त्या चित्रामागचे आधार बव्हंशी लेनिनच्या अनुयायांनी आणि निकटवर्तीयांनी लिहिलेले होते. सांगणारा कितीही कुशल असला तरी तो ज्यांच्याकडून ऐकतो त्यांच्या स्वाधीन असतो. विल्सनने आयुष्याच्या अखेरीस या ग्रंथाला नवी प्रस्तावना जोडून आपले हे चित्रण फार उदार झाल्याचे मान्य केले. मूळ मजकूर मात्र त्याने राहू दिला. चूक पुसून टाकण्यापेक्षा तिच्यावर तारीख घालणे, ही पत्रकाराची सवय येथे त्याच्या कामी आली असावी.

५

'द वूंड अँड द बो' (१९४१) या निबंधसंग्रहाचे शीर्षक सोफोक्लीजच्या फिलोक्टेटिसच्या कथेवरून आले आहे. न भरणारी, दुर्गंधी सुटलेली जखम आणि अजिंक्य धनुष्य ही एकाच माणसाजवळ आहेत; धनुष्य हवे असेल तर जखमेसह तो माणूस स्वीकारावा लागतो. कलावंताचे सामर्थ्य आणि त्याची पीडा यांचे नाते सांगणारे हे रूपक पुढे फार वापरले गेले, थोडे स्वस्तही झाले. प्रत्यक्ष निबंध मात्र रूपकापेक्षा सावध आहेत. डिकन्सवरील निबंधाने त्याच्या बालपणीच्या कारखान्यातील अनुभवाचे धागे उत्तरकालीन, काळोख्या कादंबऱ्यांपर्यंत नेले आणि विनोदी करमणूककार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या डिकन्सकडे गंभीर समीक्षेचे लक्ष पुन्हा वळवले.

मराठी वाचकाला यातील किपलिंगवरील निबंध अधिक जवळचा वाटावा. किपलिंगचा जन्म १८६५ साली मुंबईचा. वयाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास त्याला इंग्लंडमध्ये साउथसी येथे परक्या घरी ठेवण्यात आले आणि तेथे त्याने जे सोसले ते विल्सन त्याची जखम मानतो. परंतु निबंधाचे मर्म 'किम'च्या वाचनात आहे. 'किम' पुन्हा सांगत असताना विल्सन एका जागी थांबतो. लाहोरच्या रस्त्यावर वाढलेला हा मुलगा ज्या लोकांना आपले मानतो त्यांनाच तो इंग्रजांच्या हेरखात्यातर्फे परकीय सत्तेच्या हवाली करत आहे. कधी तरी हे त्याच्या लक्षात येईल आणि त्याच्या मनात संघर्ष उभा राहील, अशी वाचकाची अपेक्षा कादंबरी स्वतःच निर्माण करते. तो संघर्ष येत नाही. दोन जगे शेजारी शेजारी राहतात आणि किपलिंग त्यांची टक्कर टाळतो.

एडवर्ड सैद याने 'कल्चर अँड इम्पीरिअलिझम' (१९९३) मध्ये 'किम'चा विचार करताना विल्सनचे हे वाचन आधाराला घेतले आणि त्याच्याशी मतभेद नोंदवला. सैदच्या मते हा संघर्ष किपलिंगने टाळलेला नाही. भारताचे इंग्रजांच्या अमलाखाली असणे हेच किपलिंगला इष्ट वाटत असल्याने त्याच्या दृष्टीने येथे संघर्षच नव्हता. सैदची दुरुस्ती मान्य करावी अशीच आहे. परंतु ही दुरुस्ती करता आली ती कोणत्या जागेवर? विल्सनने कादंबरी सांगता सांगता जेथे बोट ठेवले, त्याच जागेवर. उत्तरवासाहतिक समीक्षेला जो प्रश्न पुढे सिद्धान्ताच्या भाषेत विचारायचा होता, तो एका परीक्षकाने अर्धशतक आधी निव्वळ वाचकाच्या अपेक्षाभंगातून विचारला होता. पुनर्कथन समीक्षात्मक असते याचा याहून चांगला पुरावा मला ठाऊक नाही. सारांश लिहिताना जेथे लेखणी अडते, तेथे बहुधा संहितेचीच काही तरी अडचण लपलेली असते.

६

आता या पद्धतीच्या मर्यादा. १९४४ पासून काही वर्षे विल्सनने 'द न्यू यॉर्कर'मध्ये ग्रंथपरीक्षणाचे नियमित सदर लिहिले. याच काळात रहस्यकथांवरचे त्याचे दोन गाजलेले लेख आले. पहिला ऑक्टोबर १९४४ मधला. त्यावर वाचकांच्या पत्रांचा पाऊस पडला म्हणून जानेवारी १९४५ मध्ये दुसरा. दोन्हींचा सूर तुच्छतेचा आहे. १९५६ साली 'द नेशन'मध्ये त्याने टोल्किनच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'ची अशीच खिल्ली उडवली. येथे पुनर्कथन दुधारी हत्यार असल्याचे लक्षात येते. ज्याला कृतीविषयी आस्था आहे त्याच्या सांगण्यात ती उजळते. ज्याला नाही तो तीच घटना कोरड्या आवाजात सांगून तिला हास्यास्पद करू शकतो. जगातील कोणतेही महाकाव्य या रीतीने हास्यास्पद करता येईल. या लेखांत विल्सनने युक्तिवाद केला नाही, फक्त आवाज बदलला.

काफ्का आणि कविता या दोन ठिकाणी अडचण अधिक मूलगामी आहे. १९४७ साली काफ्काविषयी प्रतिकूल मत नोंदवताना तो काफ्काभक्तांच्या अतिरेकाला उत्तर देत होता हे खरे. परंतु जी कथा सांगितली असता तिचा भयंकरपणा सांगण्याच्या ओघातून निसटतो अशा कथेपुढे त्याचे साधन निरुपाय झाले, हेही खरे. कवितेच्या बाबतीत तर त्याने आधीच एक प्रबंध मांडला होता. पद्य हे मरू घातलेले तंत्र आहे काय, असा प्रश्न विचारून त्याने असे प्रतिपादले की पूर्वी पद्याकडे असलेली अनेक कार्ये आता गद्याने घेतली आहेत. फ्लोबेर आणि जॉइस यांना डोळ्यांपुढे ठेवले तर या म्हणण्यात तथ्य आहे. परंतु रॉबर्ट फ्रॉस्टला त्याने कंटाळवाणा ठरवले, त्यात या प्रतिपादनाची दुसरी बाजू दिसते. जे सांगता येत नाही, म्हणजेच जे शब्दक्रमातच असते, त्याच्याशी या समीक्षकाचे नाते दुबळे होते. 'द वेस्ट लँड'सारखी संदर्भबहुल कविता त्याला उलगडता आली, कारण तिच्यात उलगडण्याजोगे पुष्कळ होते. साध्या दिसणाऱ्या कवितेपुढे तो गोंधळला.

व्लादिमीर नाबोकोव्हशी झालेला त्याचा वाद याच प्रकाशात पाहता येतो. १९४० साली अमेरिकेत आलेल्या नाबोकोव्हला संपादकांपर्यंत पोचवण्यात विल्सनचा मोठा वाटा होता. परंतु नाबोकोव्हने पुश्किनच्या 'यूजीन ओनेगिन'चे चार खंडांतील, कमालीचे शब्दनिष्ठ भाषांतर १९६४ साली प्रसिद्ध केले आणि १९६५ च्या जुलैमध्ये 'द न्यू यॉर्क रिव्ह्यू ऑफ बुक्स'मध्ये विल्सनने त्याच्यावर कठोर लेख लिहिला. रशियन ही नाबोकोव्हची मातृभाषा. विल्सनने ती प्रौढपणी शिकलेली. त्याच्या लेखातील भाषिक चुका नाबोकोव्हने निर्दयपणे दाखवून दिल्या. वादातील बारकावे बाजूला ठेवले तर मूळ मुद्दा असा दिसतो की, नाबोकोव्हला वाचनीयतेची किंमत देऊन अचूकता हवी होती आणि ज्याच्या हाती पुस्तक द्यायचे त्या वाचकाला ते वाचता येईना, हे विल्सनला सहन होत नव्हते. व्याकरणात तो हरला. त्याचा मूळ प्रश्न मात्र भाषांतराच्या प्रत्येक अभ्यासकापुढे अजून उभा आहे.

७

वाचकाच्या या कैवारातूनच त्याचा विद्यापीठीय पांडित्याशी शेवटचा सामना झाला. अमेरिकन अभिजात लेखकांच्या सुबक, सुटसुटीत, सर्वांना परवडणाऱ्या आवृत्त्या निघाव्यात, फ्रान्समधील 'प्लेयाद' मालिकेसारखी मालिका आपल्याकडे असावी, ही त्याची जुनी इच्छा होती. त्याऐवजी सार्वजनिक निधी गेला तो 'मॉडर्न लँग्वेज असोसिएशन' या अध्यापकसंस्थेच्या देखरेखीखाली होणाऱ्या पाठचिकित्सक आवृत्त्यांकडे. १९६८ साली 'द न्यू यॉर्क रिव्ह्यू ऑफ बुक्स'मध्ये दोन हप्त्यांत लिहिलेल्या लेखात त्याने या उपक्रमाची झडती घेतली. कथेच्या ओघात लक्ष गुंतू नये आणि पाठभेद निसटू नयेत म्हणून 'टॉम सॉयर' उलट्या क्रमाने शब्दशः वाचले जात असल्याची माहिती त्याने त्यात दिली आहे. असोसिएशनने पुढच्याच वर्षी पुस्तिका काढून उत्तर दिले.

पाठचिकित्सेचे मोल मराठीच्या अभ्यासकाला नव्याने सांगावे लागू नये. जुन्या ग्रंथाच्या भ्रष्ट प्रतीवर उभारलेले विवेचन किती डळमळीत असते, हे आपण जाणतो. या वादात विल्सनने संहितासंपादकांवर अन्याय केला, असेच म्हणावे लागेल. काळाने या वादाचा केलेला निवाडाही सरळ नाही. विल्सनच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, १९८२ मध्ये, त्याला अभिप्रेत असलेल्या 'लायब्ररी ऑफ अमेरिका' या मालिकेचे पहिले खंड निघाले. आणि त्या मालिकेने अनेक लेखकांच्या बाबतीत त्याच चिकित्सक आवृत्त्यांनी सिद्ध केलेला पाठ स्वीकारला. उलटे वाचणाऱ्यांच्या श्रमामुळे सुलटे वाचणाऱ्यांना शुद्ध पुस्तक मिळाले. २००७ साली त्याच मालिकेत विल्सनच्या समीक्षालेखनाचे दोन खंड समाविष्ट झाले.

या समेटातून आपल्यासाठी काही सूचना मिळते काय? रेने वेलेकसारख्या सिद्धान्तनिष्ठ इतिहासकाराने आपल्या आधुनिक समीक्षेच्या इतिहासात, १९८६ च्या सहाव्या खंडात, विल्सनला स्वतंत्र प्रकरण दिले. सिद्धान्त नसलेल्या समीक्षकालाही समीक्षेच्या इतिहासात जागा द्यावी लागते, याची ही कबुली म्हणता येईल. ही जागा त्याला कशामुळे मिळते? माझ्या मते, अपरिचित पुस्तक अपरिचित वाचकापुढे मांडण्याची जबाबदारी त्याने समीक्षेचा गाभा मानली, यामुळे. त्याचे यश आणि त्याची स्खलने एकाच मुळातून येतात. जी कृती सांगता येते तिच्याबाबतीत तो अतुलनीय आहे; जी सांगण्यातून निसटते तिच्याबाबतीत त्याच्यावर विसंबू नये.

गेली काही वर्षे पदव्युत्तर वर्गात समीक्षा शिकवताना एक विसंगती मला सतत जाणवत आली आहे. विद्यार्थी संरचनावाद, वाचककेंद्री समीक्षा, विरचना यांच्या व्याख्या नीट लिहितात. परंतु नेमलेल्या कादंबरीत काय घडते, ते त्याच क्रमाने का घडते आणि कोणती गोष्ट घडेल असे वाटत असता घडत नाही, हे दोन पाने लिहून आणा, असे सांगितले की त्यांची पंचाईत होते. हे काम त्यांना शालेय वाटते, कारण ते शालेय आहे असे आम्हीच त्यांना शिकवले आहे. दोष विद्यार्थ्यांचा नाही. ज्या व्यवस्थेत परीक्षणाला गुण नाहीत त्या व्यवस्थेत कृती सांगण्याचे कौशल्य कोणी आणि कशासाठी कमवावे?

विल्सनचा 'किम'वरील निबंध मी अलीकडे याच कारणासाठी वर्गात वाचतो. सैदचे विवेचन त्यानंतर घेतो, आधी नाही. क्रम उलटा केला तर विद्यार्थ्याला उत्तर मिळते, परंतु प्रश्न कोठे उद्भवला ते त्याला कळत नाही.